टबातले हट्टी डाग आणि दारावरचे ऍसिड



गेल्या दोन महिन्यांत तीन-चार जणींनी एकच तक्रार कळवली आहे. जुना फ्लॅट घेतला, त्याच्या गुसलखान्यात बाथटब आहे आणि तो आतून इतका पिवळट-तपकिरी झाला आहे की त्यात पाय ठेवावासा वाटत नाही. एकीने लिहिले आहे की आंघोळीसाठी टब कोणी वापरतच नाही. नळाला चार दिवसांआड पाणी येते, म्हणून तो भरून ठेवतात. आपल्याकडचा टब ही बहुतेक घरांत हौसेने बसवलेली टाकीच असते, आणि डागांचे मूळही तिथेच आहे.

बोअरचे पाणी बहुधा जड असते, टँकरचेही बऱ्याचदा तेच. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. ज्या पातेल्यात रोज वुजूचे पाणी गरम होते त्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो, तोच टबात पाण्याच्या पातळीला रेघ बनून बसतो. त्यावर साबण पडला की जड पाण्याशी मिळून त्याचा चिकट थर होतो आणि त्यात मळ अडकतो. नळाखाली तांबूस ओघळ असेल तर तो लोहाचा आहे. असे पाणी बाहेर पडताना स्वच्छ दिसते, पण हवा लागली की त्यातले लोह गंजते. टबाच्या कडेला, सिलिकॉन भरलेल्या सांध्यात काळे ठिपके दिसतात ती बुरशी. चार डाग चार प्रकारचे आहेत, त्यांना एकच औषध चालत नाही. वर्गातल्या चार मुलांना एकच शिक्षा करण्यासारखे ते होईल.

आधी साबणाचा थर काढावा, कारण तो असेपर्यंत खालच्या क्षारापर्यंत काही पोहोचत नाही. कोमट पाण्यात भांडी घासायचे लिक्विड घालून मऊ स्पंजने टब धुवावा व पाणी ओतून टाकावे. मग किराणा दुकानात लिंबूसत म्हणून मिळणारे सायट्रिक ऍसिड एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे विरघळवावे. जुनी सुती ओढणी किंवा बनियन त्यात भिजवून डागावर चिकटवावी, वरून प्लास्टिकचा कागद लावावा आणि अर्धा तास विसरून जावे. नुसते शिंपडले तर ते ओघळून जाते, काम होत नाही. नंतर कापडानेच चोळून भरपूर पाण्याने धुवावे. वर्षानुवर्षांचा थर एका दिवसात जाणार नाही, तीन-चार वेळा करावे लागेल. पांढरा सिरकाही चालतो, पण लिंबूसत स्वस्त पडते आणि वास येत नाही. लोहाच्या हलक्या डागालाही याचा उपयोग होतो. त्यावर ब्लीच मात्र घालू नये, तांबूस रंग आणखी पक्का बसतो.

मोबाईलवरच्या व्हिडिओत खाण्याचा सोडा आणि सिरका एकत्र ओततात, फेस येतो आणि बघणाऱ्याला वाटते की डाग निघाला. एक आम्ल, दुसरा अल्कली. दोघे एकमेकांना संपवतात आणि हाती जवळजवळ नुसते पाणी उरते. आठवीतल्या मुलीला विचारा, ती सांगेल.

टब कशाचा आहे तेही पाहावे. टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला, हाताला फारसा गार लागला नाही, तर तो ऍक्रिलिकचा किंवा फायबरचा असतो. त्याला तारेची घासणी, भांड्यांची पावडर किंवा थिनर लावू नये. बारीक ओरखडे पडतात आणि पुढचा मळ त्यातच घर करतो. जड, थंडगार, लोखंडावर एनॅमल चढवलेला टब दणकट असतो, पण तीव्र ऍसिडने त्याची झिलई कायमची जाते. बाजूची फरशी शहाबादी, कोटा किंवा कडप्पा असेल तर लिंबूसतही तिच्यावर सांडू देऊ नका. हे सगळे चुनखडीचे दगड आहेत. जे डागाला खाते ते त्यांनाही खाते.

आता दारावर येणाऱ्या ऍसिडविषयी. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ऍसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले. विकणाऱ्याने नोंदवही ठेवावी, ओळखपत्र पाहावे, अठरा वर्षांखालच्यांना देऊ नये असे आदेश आहेत. तरीही शीतपेयाच्या बाटलीत भरलेले ऍसिड गल्लोगल्ली मिळते, आणि तीच बाटली न्हाणीच्या कोपऱ्यात, मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवलेली असते. तहानलेल्या मुलाला बाटली ओळखीची वाटते. असे कधी घडलेच तर उलटी करवू नये, तडक दवाखान्यात न्यावे, बाटलीही सोबत घ्यावी.

दुसरा धोका याहून वारंवार घडणारा आहे. ऍसिडने डाग गेला नाही म्हणून त्यावरच ब्लीच ओतले जाते. त्यातून क्लोरीन वायू निघतो. 1915 साली ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्याने सोडला होता तोच. दार बंद, खिडकी वीतभर, आणि आत बाई वाकून घासते आहे. घसा जळायला लागला, खोकला सुरू झाला की काम पुरे करायच्या नादात थांबू नये. सगळे तिथेच टाकून मोकळ्या हवेत यावे आणि श्वासाचा त्रास राहिला तर डॉक्टरांकडे जावे. संडास साफ करायचे बहुतेक लिक्विड हेही ऍसिडच असते, हे लक्षात असू द्या. काळ्या बुरशीला ब्लीच लावायचेच असेल तर ते वेगळ्या दिवशी, टब स्वच्छ धुऊन, खिडकी उघडी ठेवून. सिलिकॉनच्या आतपर्यंत बुरशी गेली असेल तर तो कापून नवा भरून घेणे बरे.

घरकामाला येणाऱ्या बाईंच्या हाती बिनलेबलची बाटली देऊन आपण बाहेर बसावे, हे मला पटत नाही. रबरी हातमोजे फार महाग नसतात. डोळ्यांत थेंब उडाला तर वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटे डोळा धुवायचा, हे त्यांनाही सांगून ठेवावे.

काही डाग हे डाग नसतातच. झिलई झिजून खालचा थर उघडा पडलेला असतो. बोट फिरवले की तिथे खरखरीत लागते. त्याला घासून काही होणार नाही, टबावर नवा थर चढवून देणारे कारागीर शहरात असतात, त्यांना विचारावे. आणि तांबूस ओघळ नळाखालीच असेल तर साफसफाईच्या आधी नळाचा वायसर बदलून घ्या. ठिबकणे चालू राहिले तर महिन्याभरात ओघळ पुन्हा उमटेल. पाणी साठवायचे तर झाकणाच्या ड्रममध्ये साठवावे. उघड्या टबात डाग पडतात, डासही होतात, आणि रांगत्या बाळाच्या घरात भरलेला टब ठेवणे तर मला अजिबात मंजूर नाही.