'असणे' आणि 'राहणे'

कोकणात घरातला माणूस परगावी नोकरीला असला की आपण म्हणतो, 'तो मुंबईला असतो'. 'राहतो' असे सहसा म्हणत नाही. राहायचे ते गावी. बाहेर नुसते असायचे. मुंबईच्या चाकरमान्यासाठी घडलेले हे क्रियापद पुढे आखातात गेलेल्यांनाही लागू झाले. 'भाऊ दुबईला असतो', एवढ्यावर भागते. या दोन क्रियापदांतला फरक किती खोल आहे, हे मला गेल्या पावसाळ्यात नव्याने कळले.

माझी एक जुनी विद्यार्थिनी सावर्ड्याच्या घरी आली होती. बारावीला ती माझ्याकडे मराठी शिकली, पुढे नर्सिंग करून चार वर्षे एका रुग्णालयात काम केले. लग्न ठरलेले. तिच्या पिशवीत दोन कागद होते. एक दुबईतल्या नोकरीचा, दुसरा जर्मनीला जाण्याच्या योजनेचा. "सर, दोन्हीकडचे व्हिसे निराळे आहेत. घरी सगळे पगार विचारतात. तुम्ही जरा वाचून बघा." मराठीच्या मास्तराला यातले काय कळणार, असे म्हणणार होतो. पण कागद वाचू लागलो आणि ध्यानात आले, की हा प्रश्न मुळात वाचनाचाच आहे.

संहिता वाचताना आपण विचारतो, की इथे बोलतो कोण, कोणाच्या अधिकाराने, आणि शेवट कुठे होतो. तेच प्रश्न इथे विचारले. दुबईचा परवाना साधारणतः दोन वर्षांचा आणि मालकाच्या नावाशी बांधलेला. नोकरी सुटली तर नवी शोधायला मर्यादित मुदत. कुटुंब नेता येते, पण महिना ४००० दिरहम, किंवा ३००० आणि राहण्याची सोय, एवढी मिळकत हवी. २०२२ पासून मालकाविना मिळणारा पाच वर्षांचा 'ग्रीन व्हिसा' आहे खरा. मात्र कुशल नोकरदारासाठी त्याला पदवी आणि १५००० दिरहम पगाराची अट आहे. परवाना कितीही वेळा नवा झाला, तरी सामान्य नोकरदाराला त्या वाटेने नागरिकत्व मिळत नाही. भाषेच्या परिभाषेत, हे 'असणे'.

जर्मनीचा कागद अधिक कष्टाचा. भाषा आधी शिकायची, शिक्षणाला तिकडची मान्यता मिळवायची, ती मिळेपर्यंत साहाय्यक म्हणून कमी पगारावर काम करायचे. सुरुवातीला तोही परवाना नोकरीशी जोडलेलाच असतो. पण मान्यताप्राप्त कुशल कामगाराला, निवृत्तिवेतनाची वर्गणी आणि भाषेची अट पुरी झाल्यास, तीन वर्षांत कायम वास्तव्य मिळू शकते. नवऱ्याला साधारणतः प्राथमिक जर्मन यावे लागते. एकदा पोचला की त्याला काम करण्याची मुभा असते. हे 'राहणे'.

मग निवड उघड आहे, असे नव्हे. आखाताच्या पैशावर रत्नागिरी जिल्ह्यात किती घरांवर स्लॅब पडला, किती बहिणींची लग्ने झाली, हे आपण पाहिले आहे. ज्याला दहा वर्षांनी परत यायचेच आहे, त्याला न मुरणारा परवानाच प्रामाणिक वाटेल. 'राहण्या'चीही किंमत असते. १९५५च्या नागरिकत्व कायद्यानुसार परक्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे जाते. पुढे ओसीआय कार्ड मिळते, पण मत देता येत नाही. शेतजमीन वारशाने येऊ शकते, विकत घेता येत नाही. जमिनीचा हा नियम परदेशात वास्तव्य करणाऱ्या भारतीय नागरिकालाही आहे. ज्याच्या स्वप्नात हापूसची बाग आहे, त्याने हे आधी वाचावे.

माझी तक्रार आपल्याविषयी, म्हणजे मराठीच्या वर्गाविषयी आहे. स्थलांतराचे साहित्य शिकवताना आपण विरह, ओढ, दुभंगलेपण यांवर तास घालवतो. पण दुभंगलेपण नुसते मनात जन्मत नाही. पुष्कळदा ते परवान्याच्या कलमात आधीच लिहिलेले असते. १९व्या शतकात रत्नागिरीकडची माणसे मुंबई बंदरातून मॉरिशसला गेली ती 'गिरमिटा'वर; 'ॲग्रीमेंट' या शब्दाचे आपल्या जिभेवर झालेले रूप. त्यांतल्या बहुतेकांना तो करार वाचता येत नव्हता, आणि पुष्कळांचे परतणे झालेच नाही. आज आपली मुले पदव्या घेऊन जातात. त्यांनी तरी न वाचता सही करू नये. काव्यातला श्लेष उलगडायला शिकवणाऱ्याने करारातला 'परंतु' उलगडायला का शिकवू नये? त्याने साहित्याची पायरी घसरते, असे मला वाटत नाही.

निर्णय मी दिला नाही. एवढेच विचारले, "तुला तिथे असायचे आहे, की राहायचे आहे?" ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हे आम्ही दोघांनी अजून बोललोच नाही, सर." कागद पिशवीत ठेवून ती पावसात निघाली. आता आठवड्यातून तीन दिवस चिपळूणला जर्मन शिकायला जाते, असे तिची आई परवा बाजारात सांगत होती. दुबईचा कागदही अजून घरात जपून ठेवला आहे म्हणे.