‘हॉट’च्या आडवाटेने स्पॅनिश

स्पॅनिशचे प्राथमिक पाठ संपवून मधल्या पायरीवर आलेल्या मराठी विद्यार्थ्यास पदार्थांची नावे फारशी अडवीत नाहीत. भात म्हणजे ‘आर्रोस’, तेल म्हणजे ‘आसेइते’, हे पाठ झालेले असते. अडचण येते ती पदार्थ करण्याच्या आणि चाखण्याच्या शब्दांपाशी. तिचे मूळ स्पॅनिशमध्ये नसून आपण ती इंग्रजीच्या मध्यस्थीने शिकतो यात आहे, असे आमचे मत आहे.

इंग्रजीतला ‘हॉट’ गरम आणि तिखट या दोहोंसाठी चालतो. स्पॅनिशमध्ये गरम ते ‘कालिएन्ते’ आणि तिखट ते ‘पिकान्ते’. मराठी जिभेला हा भेद उपजत ठाऊक असतो. पण इंग्रजी कोशातून आलेला विद्यार्थी मिरची लागल्यावर ‘कालिएन्ते’ म्हणून मोकळा होतो. ‘फ्राय’चेही तेच. तळणे आणि परतणे त्यात एकत्र कोंबले जातात. स्पॅनिशमध्ये ‘फ्रेईर’ म्हणजे तळणे, तर ‘सोफ्रेईर’ म्हणजे थोड्या तेलावर मंद आचेने परतणे. जे आपल्या घरात आहे तेच आपण परक्याच्या दारातून, तेही अर्धे टाकून, आणतो.

मात्र मराठीचा आधार घ्यायचा तो डोळे उघडे ठेवून. ‘सोफ्रितो’ला फोडणी म्हणण्याचा मोह होतो. फोडणीत तापलेल्या तेलात मोहरी तडतडते आणि काम क्षणात आटोपते. सोफ्रितोत कांदा, लसूण, टोमॅटो ऑलिव्हच्या तेलात सावकाश मऊ होत जातात. ‘बाताता’ ऐकून बटाटा आठवावा, तर स्पॅनिशमध्ये ते रताळे असते. बटाटा हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाला, पण दोन्हींचे मूळ कॅरिबियन बेटांवरील तायनो भाषेत आहे. उलट ‘आसूकार’ आणि आपली साखर एकाच शर्करेच्या लेकी. त्यातली एक फारसी-अरबीच्या वाटेने स्पेनला गेली.

शिवाय स्पॅनिशही एक नाही. स्पेनमध्ये ‘तोर्तिया’ म्हणजे अंडी-बटाट्याचे जाड ऑम्लेट, तर मेक्सिकोत मक्याची पातळ पोळी. राजम्यासारख्या दाण्यांना स्पेनमध्ये ‘हुदिआस’, मेक्सिकोत ‘फ्रिहोलेस’, तर अर्जेंटिना-चिलीत ‘पोरोतोस’ म्हणतात, आणि हा शेवटचा शब्द केचुआ भाषेतला आहे. जिंकणाऱ्यांची भाषा जिंकलेल्यांच्या ताटातून कशी बदलली, याचा हा इतिहास. ‘बीन्स’ या एका प्रतिशब्दाने तो पुसला जातो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, विद्यार्थ्यांच्या शब्दवहीत स्पॅनिशसमोर मराठी शब्द असावा आणि दोहोंत कुठे अंतर पडते त्याची एक ओळ असावी. याने स्पॅनिश पक्की होईल हे उघड आहे. पण परतणे, आटवणे, खरपूस भाजणे हे आपले शब्दही त्या निमित्ताने पुन्हा वापरात येतील. हे शब्द ज्याच्या तोंडी उरलेच नाहीत, त्याला ‘सोफ्रेईर’ शिकवायचे तरी कशाच्या आधारावर?