छातीतली कळ थांबली, तरी दवाखान्यात जा

पहाटे चार-साडेचारला छाती आवळते. कपाळावर गार घाम फुटतो. घरातले जागे होतात. कुणी ओवा देतं, कुणी लिंबू-सोडा करून आणतं. दहा मिनिटांत कळ थांबते आणि सगळे म्हणतात, “गॅस होता, झोपा आता.” कृपा करून झोपू नका. कळ ओव्यानेच थांबली असं समजू नका. हृदयाची आवळलेली धमनी कदाचित आपोआप सैल झाली असेल. पुढच्या खेपेला ती सैल होईलच, याची हमी कुणी देऊ शकत नाही.

धमनी म्हणजे नळ, आत चरबी साचली की तुंबतो, असं आपण धरून चालतो. पण नळ आक्रसत नाही. धमनी आक्रसते. तिच्या भिंतीत स्नायू असतो आणि आतून पेशींच्या एकाच थराचं नाजूक अस्तर. तुम्ही जिना चढता तेव्हा हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं. स्नायू ढिला पडतो, धमनी रुंदावते, हृदयाला जास्त रक्त मिळतं. याच शोधासाठी १९९८ साली तीन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळालं. चरबी धरू लागली की पहिला मार बसतो तो या अस्तरावर. मग उलटंच होतं. १९८६ साली बॉस्टनमधल्या डॉक्टरांनी रुग्णांच्या हृदयधमन्यांत ॲसिटिलकोलिन हे रसायन सोडून पाहिलं. निरोगी धमन्या रुंदावल्या. चरबी धरलेल्या आवळल्या. म्हणूनच अर्धीसुद्धा न भरलेली धमनी आवळली की रक्त अडवू शकते. ‘ब्लॉकेज थोडंच आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

अशा धमनीला चिथावायला काय लागतं? कडाक्याची थंडी, जिवाला लागलेला घोर, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे धूर. विडी-सिगारेट आज सोडा. एक तारखेपासून नको, आज. तंबाखू मळणाऱ्या दादांनो, मशेरी लावणाऱ्या काकूंनो, तुम्हीही सोडा. निकोटिन तोंडावाटे गेलं तरी रक्तात उतरतं आणि धमन्या आवळतं. धूम्रपान सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका जवळजवळ निम्म्यावर येतो. शरीर इतकी मोठी सवलत देतंय, ती घ्या. साखर आणि रक्तदाब तपासा. कोलेस्टेरॉलची गोळी ‘रिपोर्ट चांगला आला’ म्हणून मनाने बंद करू नका. तो रिपोर्ट त्या गोळीमुळेच चांगला आलेला असतो.

आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्यांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो. म्हणजे घराचे हप्ते चालू असताना, मुलगी बारावीला असताना. मागे राहणाऱ्यांचं काय होतं, ते तुम्ही तुमच्याच गल्लीत पाहिलेलं आहे.

दवाखान्यात गेलात तर नुसतं ‘दुखलं’ म्हणू नका. किती वाजता, किती वेळ, चालताना की पडल्या पडल्या, हात किंवा जबडा भरून आला का, सगळं सांगा. स्वस्थ असताना, पहाटे कळ येते, ही गोष्ट तर आवर्जून सांगा. कारण अशा आक्रसण्यावरची औषधं वेगळी असतात आणि हृदयाच्या काही नेहमीच्या गोळ्या तिथे त्रास वाढवू शकतात. कळ ओसरल्यावर काढलेला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. तेव्हा ‘पुन्हा ईसीजी काढायचा का? रक्तातलं ट्रोपोनिन तपासायचं का?’ असं विचारा. विचारायला लाजू नका. आणि शेजाऱ्यांची जिभेखालची गोळी उसनी घेऊ नका. रक्तदाब धाडकन उतरू शकतो.

कळ पाच मिनिटांत ओसरली नाही, तर वाट पाहू नका. महाराष्ट्रात १०८ लावा, रुग्णवाहिका मोफत आहे. दुचाकीला किक मारू नका. जिने उतरू नका. रक्त पुरतं अडलं तर वीसेक मिनिटांतच हृदयाचा स्नायू मरायला लागतो. मधुमेह असलेल्यांना कधी कळ येतच नाही, नुसता दम लागतो, घाम सुटतो. बायकांना कधी पाठीत, जबड्यात दुखतं किंवा हातपाय गळून जातात. त्यालाही तितकंच गंभीर माना.

आज रात्री जेवायला बसाल तेव्हा घरातल्या प्रत्येकाला विचारा, “छातीत कधी दुखून थांबलंय का?” आईला दोनदा विचारा, ती आपणहून सांगणार नाही. कुणी ‘हो’ म्हणालं, तर उद्या सकाळचं पहिलं काम दवाखाना. आत्ता दुखत असेल, तर हा कागद खाली ठेवा आणि १०८ लावा.