आठवीतली जर्मन आणि कॉलेजचे दार

आठवीच्या आरंभी किंवा अकरावीचा अर्ज भरताना तुमच्यापैकी पुष्कळांसमोर एक छोटीशी चौकट येते : भाषा कोणती? शहरांतल्या अनेक शाळा-कॉलेजांत त्या चौकटीसाठी मराठी, हिंदी, संस्कृत यांच्या जोडीला जर्मन, फ्रेंच, क्वचित जपानी अशी नावे असतात. मग घरात खल सुरू होतो. मावशी म्हणते, "जर्मन घे, स्कोअरिंग आहे." शेजारचे काका म्हणतात, "जर्मन आली की जर्मनीत फुकट शिक्षण!" दोन्ही वाक्ये इतक्या ठामपणे उच्चारली जातात की ती तपासून पाहावीत असे कोणाच्या मनातही येत नाही. पण तुम्ही विज्ञान शिकता. विधान कितीही मोठ्या माणसाचे असले तरी ते मोजून पाहण्याची तुम्हाला सवय हवी. तर मोजू या.

प्रथम मावशीचे वाक्य. दहावीला सहा विषय, प्रत्येकी १०० गुण, आणि टक्केवारी काढताना त्यांतले सर्वोत्तम पाच धरतात. समजा, तुम्हाला हिंदीत ८२ मिळाले असते आणि जर्मनमध्ये ९५ मिळतात. फरक १३ गुणांचा. ५०० पैकी १३ म्हणजे २.६ टक्के. पण थांबा! हिंदीचे ८२ हेच जर तुमचे सर्वांत कमी गुण असते, तर ते मोजलेच गेले नसते. आता जर्मन आत येणार आणि पाचव्या क्रमांकाचा विषय बाहेर जाणार. त्यात ८८ असतील, तर खरा लाभ ७ गुणांचा, म्हणजे १.४ टक्के. तरीही हा लाभ क्षुल्लक नाही. अकरावीच्या गुणवत्ता यादीत नामांकित कॉलेजांची दारे अर्ध्या टक्क्यानेही उघडतात आणि मिटतात. तेव्हा मावशी खोटे सांगत नाही.

मात्र हे गुण कोठवर साथ देतात ते पाहा. बारावीनंतर राज्यातल्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी एमएचटी-सीईटी असते. तिच्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित, भाषा नाही. वैद्यकीय शाखेच्या 'नीट' परीक्षेत गणिताच्या जागी जीवशास्त्र. भाषा तेथेही नाही. आयआयटी, एनआयटीसाठी बारावीला ७५ टक्के गुण (किंवा आपल्या मंडळातल्या वरच्या २० टक्क्यांत स्थान) लागतात. त्या बेरजेत भाषेचे गुण येतात खरे, पण ती केवळ एक उंबरठ्याची अट आहे. तो ओलांडला की पुढे क्रम लागतो तो जेईईच्या गुणांवर. सारांश, 'स्कोअरिंग' भाषेचा जोर अकरावीच्या दारापाशी असतो आणि बारावीच्या दारापाशी पोहोचेपर्यंत तो बहुतेक ओसरलेला असतो.

आता काकांचे वाक्य. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, हे खरे. (बाडेन-व्युर्टेमबर्ग या राज्याने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो लावले आहेत. राहण्या-जेवणाचा खर्च तर सगळीकडेच आहे.) तेथले पदवीचे बहुसंख्य अभ्यासक्रम जर्मन भाषेत चालतात, हेही खरे. प्रश्न आहे तो जर्मन किती यावी लागते याचा. युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या मानतात : ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२. विद्यापीठात जर्मनमधून शिकायचे तर साधारणपणे सी-१ च्या आसपास पोहोचावे लागते. गोएथे संस्थेच्या, म्हणजे आपल्याकडच्या मॅक्स म्युलर भवनाच्या, अंदाजाप्रमाणे त्यासाठी ४५ मिनिटांच्या ८०० ते १००० तासिका लागतात.

शाळेत काय मिळते? आठवड्याला ४ तासिका आणि वर्षाचे ३० कामाचे आठवडे धरा. तीन वर्षांत ३६० तासिका झाल्या. शाळेची तासिका ३५ मिनिटांची धरली, तर ४५ मिनिटांच्या मापाने त्या २८० भरतात. म्हणजे वाटेचा जेमतेम एक-तृतीयांश. त्यातही वर्गात ५० मुले असतील, तर एकेकाच्या वाट्याला बोलण्यासाठी तासिकेत एक मिनिटही येत नाही. आणि दहावीची परीक्षा संपली की वही रद्दीत! तीन वर्षे शिकून ९५ गुण मिळवलेला विद्यार्थी बर्लिनच्या स्टेशनवर गाडीची वेळ विचारू शकेलच, अशी खात्री देता येत नाही. शिवाय आपल्या बारावीनंतर तेथे थेट पदवीला बसता येते असेही सहसा नसते. इथल्या विद्यापीठातले एक वर्ष, जेईई-अ‍ॅडव्हान्स्डमधील यश किंवा तिकडचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम, असा काही पूल लागतो. तेव्हा काकांचे वाक्य अर्धे खरे आहे. भाषा दार उघडते, पण आठवी ते दहावीची भाषा नव्हे. त्यानंतर न सोडता चालू ठेवलेली भाषा.

दुसऱ्या एका देशात हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला आहे, तो पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशासाठी हायस्कूलमध्ये इंग्रजीखेरीज कोणतीही एक भाषा सलग दोन वर्षे शिकण्याची अट घालते. तीन वर्षे शिकावी अशी शिफारस करते. दोन भाषा एकेक वर्ष शिकून भागत नाही. म्हणजे तेथे दोन गुण जास्त मिळाले का, यापेक्षा विद्यार्थी एका गोष्टीला चिकटून राहिला का, हे पाहिले जाते. गंमत पुढेच आहे. ज्याचे शिक्षण सहावीनंतर काही वर्षे इंग्रजीखेरीज दुसऱ्या माध्यमातून झाले आहे, त्याची ही अट त्या शिक्षणानेच पुरी झाली असे मानतात. सांगली किंवा परभणीच्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलाची मराठी तेथे 'परभाषा' म्हणून जमेस धरली जाते, आणि इकडे तीच मराठी गुणांना अडसर म्हणून आपण अकरावीत सोडून देतो!

विज्ञानासाठी परभाषा हवीच का, असेही कोणी विचारील. एके काळी ती हवीच होती. सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा यांनी आइन्स्टाइन व मिंकोव्हस्की यांचे सापेक्षतेवरील जर्मन निबंध इंग्रजीत आणले; ते पुस्तक कलकत्ता विद्यापीठाने १९२० साली छापले. पुढे १९२४ मध्ये बोसांनी स्वतःचा निबंध आइन्स्टाइनकडे धाडला, आणि आइन्स्टाइनने तो स्वतः जर्मनमध्ये उतरवून प्रसिद्धीस दिला. बोस-आइन्स्टाइन सांख्यिकी ती हीच. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात राहिलेले गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे काही शोधनिबंध जर्मन आणि फ्रेंचमध्ये आहेत. आज संशोधनाचे बहुतेक सारे लेखन इंग्रजीत होते, आणि जर्मन येत नाही म्हणून कोणाचे भौतिकशास्त्र अडत नाही. हे मान्य केलेच पाहिजे. प्रवेशासाठी भाषेची सक्ती करणाऱ्यांनाही हे कधीतरी मान्य करावे लागले : केंब्रिजने ग्रीकची सक्ती १९१९ मध्ये आणि ऑक्सफर्डने १९२० मध्ये उठवली. लॅटिनची सक्ती मात्र दोघांनीही १९६० पर्यंत ओढत नेली, म्हणजे तोपर्यंत रसायनशास्त्र शिकू पाहणाऱ्यालाही लॅटिनची परीक्षा द्यावी लागे.

माझे मत आता लपवण्यात अर्थ नाही. परभाषा जरूर शिका. पण ती पुढे निदान पाच वर्षे चालू ठेवणार असाल, किंवा तिची मनापासून गोडी असेल, तरच. केवळ १.४ टक्क्यासाठी ती घेऊ नका. तो दीड टक्का रोज अर्धा तास अधिक बीजगणित करूनही मिळू शकतो, आणि ते बीजगणित बारावीनंतरही कामास येते. आणखी एक गोष्ट मला खटकते. गावच्या शाळेत जर्मनचा शिक्षक नसतो. म्हणून तेथल्या हुशार मुलीसमोर ती चौकट येतच नाही, आणि गुणवत्ता यादीत मात्र तिला शहरातल्या 'स्कोअरिंग' भाषेशी झुंजावे लागते. यात दोष शहरातल्या मुलांचा नाही. पाठ करून पैकीच्या पैकी गुण देणारी प्रश्नपत्रिका जोवर आहे, तोवर मुले तिच्यामागे जाणारच.

येथे शिक्षकांकडे वळतो. प्रश्नपत्रिका तुमच्या हातात नसेल, पण तासिका आहे. एक तासिका मूलद्रव्यांना द्या. सोडियमची संज्ञा 'एनए' आणि पोटॅशियमची 'के' का, असे मुले दर वर्षी विचारतात. जर्मन वर्गात त्याचे उत्तर आयते आहे : जर्मन माणूस रोजच्या बोलण्यातही त्यांना नाट्रियुम आणि कालियुम म्हणतो. टंगस्टनची संज्ञा 'डब्ल्यू', कारण तो वोल्फ्राम. हायड्रोजन म्हणजे वासरश्टोफ, पाण्याचे द्रव्य. नायट्रोजन म्हणजे श्टिकश्टोफ, गुदमरवणारे द्रव्य. आणि ऑक्सिजन म्हणजे झाउअरश्टोफ, आंबट द्रव्य! प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच, अशी लव्हाझिएची समजूत होती. त्याने त्यावरूनच नाव दिले, जर्मनांनी त्याचे भाषांतर केले, आपल्याकडे कोणी 'अम्लजन' म्हटले. पुढे हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नाही असे आढळले. समजूत गेली, नाव राहिले. आपण त्या वायूला प्राणवायू म्हणतो. ते नाव कशावरून पडले असेल आणि तेही पूर्ण बरोबर आहे का, हे मुलांनाच विचारा. जर्मन, मराठी आणि रसायनशास्त्र, तिन्हींचे तास त्या एका प्रश्नावर सुखाने खर्ची पडतील.