आधी हिशेब, मग झाकण!



आपल्या वर्गातली काही मोठी मुले सध्या हॅम रेडिओच्या नादी लागली आहेत. नाद चांगला आहे. इथे अमेरिकेत त्याला वयाची अट नाही. टेक्निशियन परवान्याच्या परीक्षेत ३५ प्रश्न असतात, त्यातले २६ बरोबर आले की झाले. परवाना हाती आला, कुणाकडून तरी जुना छोटा रेडिओ मिळाला, की मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला: "बाबा, आतली बॅटरी लवकर संपते. मोठी बसवू का?"

यावर आपली उत्तरे साधारण दोन प्रकारची असतात. एक, "हात लावू नकोस, बिघडेल." दुसरे, "तयार लिथियम पॅक मागवतो, लाव आणि मोकळा हो." मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्यात मूल काहीच शिकत नाही. दुसऱ्यात न शिकताच धोक्याची वस्तू हाताळते. माझे म्हणणे असे की मुलांना झाकण जरूर उघडू द्यावे, पण आधी कागदावर हिशेब करून घ्यावा. आणि पहिल्याच बदलात लिथियम नको.

उदाहरण म्हणून येसू कंपनीचा एफटी-८१७ घेऊ. २००० सालच्या सुमारास आलेला हा रेडिओ खांद्यावरच्या पिशवीत सहज मावतो. त्याचा धाकटा भाऊ एफटी-८१८ हा २०१८ साली आला. आता दोन्हींचे उत्पादन बंद आहे, पण जुने सेट भरपूर फिरत असतात आणि त्यांच्या मूळ बॅटऱ्या थकलेल्या असतात. म्हणून बदलाचा प्रश्न येतोच.

आता वही काढा. हा रेडिओ नुसता ऐकताना सुमारे ४५० मिलिअँपियर वीज खातो आणि पूर्ण ताकदीने बोलताना सुमारे २ अँपियर. ९.६ व्होल्टचा मूळ निकेल पॅक १४०० मिलिअँपियर-तासांचा असेल, तर १४०० भागिले ४५०, म्हणजे तीन तासांहून थोडे जास्त ऐकता येईल. त्याच जागी आठ चार्ज होणारे डबल-ए, म्हणजे आपले पेन्सिल सेल, २००० मिलिअँपियर-तासांचे घातले तर साडेचार तासांना थोडे कमी. ११.१ व्होल्टचा ३००० चा लिथियम पॅक घातला तर पावणेसातच्या जरा आत. मुलांनो, हा भागाकार मोठ्याने मराठीतून करा. साडेचार आणि पावणेसात हे शब्द तक्त्यावरून पाठ होत नाहीत, असे वापरले की होतात.

हिशेब इथे संपत नाही. बोलण्याची ताकद ५ वॅटवरून अडीच वॅटवर आणली, तर ऐकणाऱ्याकडे फरक पडतो फक्त ३ डेसिबलचा. त्याच्या मीटरवर तो जेमतेम अर्धा घर. बॅटरीवरचा भार मात्र कमी होतो. बटण दाबून, फुकटात होणारा हा बदल आधी करून पाहावा. त्यानंतर तारेचा अँटेना नीट उंच बांधावा. एवढे करून भागले नाही, तर बॅटरीकडे वळावे.

लिथियमला माझा विरोध का? त्यात वीज जास्त मावते, हे खरे. आठ पेन्सिल सेलांत सुमारे १९ वॅट-तास, त्या लिथियम पॅकमध्ये सुमारे ३३. पण रेडिओच्या आतला चार्जर निकेल बॅटरीसाठी बनवलेला आहे. तो सहा, आठ किंवा दहा तास घड्याळ लावून वीज सोडत राहतो. लिथियमचा सेल मात्र ४.२ व्होल्टला थांबवावाच लागतो. त्यापुढे ढकलला तर तो तापतो, फुगतो, पेटूही शकतो. खालच्या बाजूलाही अडचण आहे. रेडिओ ८ व्होल्टपर्यंत चालत राहतो, तर तीन लिथियम सेल साधारण ९ व्होल्टखाली नेऊ नयेत. म्हणजे रेडिओ खुशाल चालू असतो आणि आत बॅटरीचा जीव जात असतो. थांबवायचे कधी हे रेडिओला कळत नाही, ते माणसाने आधी ठरवून ठेवावे लागते.

म्हणून ज्यांना लिथियम हवेच, त्यांच्यासाठी माझ्या चार अटी आहेत. पॅकमध्ये संरक्षक सर्किट हवे. तारेत, बॅटरीच्या अगदी जवळ, फ्यूज हवा. चार्जिंग लिथियमच्याच वेगळ्या चार्जरने करावे आणि रेडिओतला चार्जिंगचा मेनू कधीही चालू करू नये. चार्जिंग चालू असताना घरातले मोठे माणूस जागे आणि जवळ असावे. सुट्या लिथियम सेलना मुलांनी डाग देऊन पॅक बनवणे तर मुळीच नको. सोल्डरिंग शिकायला दुसऱ्या शंभर वस्तू आहेत.

पेन्सिल सेलांच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे आणि माझ्या मते तोच मोठा. हा रेडिओ मुळात कशासाठी? २६ जानेवारी २००१ रोजी भुजला भूकंप झाला तेव्हा हॅम मंडळींनी संपर्काचे काम केले. २०१७ साली मारिया वादळाने पोर्टो रिको अंधारात गेले, तेव्हा रेड क्रॉसच्या विनंतीवरून इथले हॅम तिकडे गेले. अशा दिवशी वीज नसते, लिथियमचा खास चार्जर निरुपयोगी असतो. पेन्सिल सेल मात्र शेजाऱ्याच्या टॉर्चमधूनही मिळतात. साधे अल्कलाइन सेल घातले तरी रेडिओ बोलतो. फक्त ते चार्ज करायचे नसतात, हे लक्षात ठेवा. सव्वादोन तास जास्त चालणारी बॅटरी बरी, की कुठेही मिळणारी? मला दुसरी बरी वाटते.

दर वर्षी जूनच्या चौथ्या शनिवार-रविवारी इथे फील्ड डे असतो. सगळे हॅम मैदानावर तंबू ठोकून रेडिओ लावतात. सगळा कारभार बॅटरीवर आणि ५ वॅटच्या आत चालवला तर गुण पाचपट धरतात. काटकसरीला एवढा मान देणारा खेळ आपल्या मुलांनी खेळायलाच हवा.

तेव्हा पालकहो, पुढच्या वेळी मुलाने झाकणाला हात घातला तर ओरडू नका. शेजारी बसा, वही पुढे करा आणि विचारा, "किती तास चालेल, सांग बघू?" उत्तर बरोबर आले की झाकण त्यालाच उघडू द्या.