हेमाडपंती देवळाला ऑइलपेंट

आमच्या वऱ्हाडात "देऊळ एकदम नवं करून टाकलं" असं कुणी कौतुकानं सांगितलं की मला धडकीच भरते. नवं म्हणजे काय, तर काळ्या दगडाला केशरी ऑइलपेंट, गाभाऱ्यात बाथरूमला शोभतील अशा टाइल्स आणि वर सिमेंटचं शिखर. भक्ती खरी असते, वर्गणी घामाची असते, त्यामुळे तोंड उघडायचीही सोय नाही. "दगडं काय पाहून राह्यला बापू, देव पाह्य" असं एका आजोबांनी मला सुनावलंय. त्यांचंही चूक नाही म्हणा.

आता मात्र उलटी हवा सुरू झालीये. पंढरपूरला २०२४ मध्ये १५ मार्च ते २ जून पदस्पर्श दर्शन बंद ठेवलं, गाभाऱ्यातल्या नंतर बसवलेल्या फरशा काढल्या आणि मूळचा दगड मोकळा केला. त्याआधी २०२१ च्या अर्थसंकल्पात राज्य सरकारने आठ प्राचीन मंदिरांच्या जतनासाठी १०१ कोटी जाहीर केले होते. त्यात सिन्नरचं गोंदेश्वर, खिद्रापूरचं कोपेश्वर यांच्या पंगतीत आपल्या दर्यापूर तालुक्यातलं लासूरचं आनंदेश्वरही आहे. काम दिलं रस्ते विकास महामंडळाकडे! वाचून हसू येतं, पण खातं कोणतं हा माझा मुद्दा नाही. छिन्नी कुणाच्या हातात आहे आणि त्याला "थांब" कोण म्हणणार, हा आहे.

कारण "मूळ रूप" म्हणजे नक्की कोणतं? अकोल्याजवळ बार्शीटाकळीचं कालिकेचं देऊळ घ्या. तिथला शिलालेख शके १०९८ चा, म्हणजे इ.स. ११७६ च्या सुमाराचा. आपण बिनधास्त हेमाडपंती म्हणून मोकळे होतो. पण हेमाद्री पंडित महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, म्हणजे १२६० नंतरचा. नावातच जिथे ऐंशी-नव्वद वर्षांचा घोळ, तिथे पडलेलं शिखर कसं होतं हे छातीठोकपणे कोण सांगणार? अंदाजाने बांधलं तर ते जतन नव्हे, जुन्या नावाचं नवं बांधकाम. माझ्या मते पडलेलं तसंच राहू द्यावं, उभं आहे ते पडू देऊ नये.

रंग काढणं हे तर लावण्यापेक्षा अवघड. यंत्राने वाळूचा मारा केला की रंग जातो, सोबत नक्षीची धारही जाते. सांध्यांत सिमेंट भरलं की ओल तिथून निघत नाही, मग ती दगडातून वाट काढते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. म्हणून चुना. आमच्या धंद्यात दुसऱ्याचा जुना कोड "निरुपयोगी दिसतो" म्हणून उडवणारे हिरो असतात, शनिवारी रात्री सगळं बंद पडल्यावर कळतं तो कशासाठी होता. पण तिथे निदान बॅकअप असतो..

असो. लासूरकडे निदान सरकारचं लक्ष गेलं. ज्या देवळांचं नाव कुठल्याच यादीत नाही, तिथे या रविवारीही पेंटचा डबा उघडला जाईल. पुरातत्त्व खात्याने प्रत्येक देवस्थान समितीला मराठीत एक पानभर सूचना पाठवाव्यात: काय लावू नये, काय खरवडू नये, आणि विचारायचं झालं तर कुणाला. याला १०१ कोटी लागत नाहीत.