देवयानी पाहायला अंधार हवा

नोव्हेंबरच्या अमावास्येला गंगाखेड किंवा पाथरीकडच्या शेतात रात्री नऊच्या सुमारास डोक्यावर, किंचित उत्तरेला पाहिले, तर एक धुरकट ठिपका दिसतो. ही देवयानी दीर्घिका. सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे दूर असूनही ती दुर्बिणीशिवाय दिसते. शहरातल्या झगमगाटात मात्र ती हरवते.

देवयानी आपल्या आकाशगंगेवर आदळणार, अशी बातमी अधूनमधून येते. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार पुढच्या 10 अब्ज वर्षांत तशी शक्यता जेमतेम निम्मी आहे. शिवाय दीर्घिकांची टक्कर वाहनांसारखी होत नाही. सूर्य ‘परभणी मोती’ ज्वारीच्या दाण्याएवढा मानला, तर शेजारचा तारा परभणीहून लातूरच्याही पुढे असेल. त्यामुळे तारे एकमेकांवर सहसा आदळत नाहीत.

बदल घडवते ते गुरुत्वाकर्षण. चंद्रामुळे समुद्राला भरती येते, तसेच इथे होते. जवळून जाणारी दीर्घिका अलीकडची बाजू जास्त ओढते, पलीकडची कमी. त्यातून ताऱ्यांच्या लांब शेपट्या निघतात, सर्पिल भुजा ठळक होतात. वायू केंद्राकडे सरकून दाटतो आणि नवे तारे झपाट्याने जन्मतात. अलार आणि युरी टूम्रे या भावांनी 1972 मध्ये संगणकावर गणिते मांडून अशा शेपट्यांचे कोडे उलगडले. आपली आकाशगंगाही याला अपवाद नाही. 1994 मध्ये सापडलेली धनू राशीतली छोटी दीर्घिका आजही तिच्यात विरघळते आहे.

अशा भेटींच्या खुणा हायड्रोजन वायूत अधिक स्पष्ट दिसतात, कारण त्याचा पसारा ताऱ्यांच्या पलीकडे असतो. तो टिपू शकणारी जीएमआरटी ही 30 अँटेनांची रेडिओ दुर्बीण जुन्नर तालुक्यात खोडदला आहे. तिच्या परिसरात रेडिओ लहरींचा गोंगाट होऊ नये, याची काळजी घेतली जाते. गावोगावच्या अंधाराला मात्र कोणी वाली नाही.

साप-विंचवांच्या भागात रस्त्यावर उजेड हवाच. पण तो रस्त्यावर पडावा, आभाळात नको. रात्रीच्या प्रखर उजेडाने शरीरातले मेलॅटोनिन घटते आणि झोप बिघडते. ग्रामपंचायती आणि नगरपालिकांनी नवे दिवे बसवताना खाली तोंड असलेले, वरून झाकलेले, पिवळसर दिवे घ्यावेत. त्याने वीज वाचेल, झोप सुधारेल आणि पुस्तकातली दीर्घिका शाळकरी मुलांना गावातूनच दाखवता येईल.